इमॅजिकाजवळ राहायला जायचं म्हणता? आधी जुलैत जाऊन या

आपल्याकडचे पोट्टे एकदा इमॅजिका नावाचा राइडचा मोठा पार्क पाहून आले की महिनाभर घरात दुसरी गोष्ट निघत नाही. ते ठीक आहे, पण आता मोठी माणसंच म्हणून राहिली की तिकडेच राहायला जाऊ, काही कामधंदा पाहू, पोट्ट्यांना शाळेत टाकू अन् मनात आलं की पार्कात जाऊ. मी विदर्भातल्या कारंजाकडचा, वावर अजून गावीच आहे, बिऱ्हाड भाड्यानं खोपोलीत आहे. गावाकडून सारखे फोन येतात, भाऊ कसं करायचं सांगा, रूम किती, प्लॉट घेऊ का. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा इथं एकदाच लिहून टाकतो.

पहिले जागा समजून घ्या, कारण बऱ्याच जणांना वाटते इमॅजिका मुंबईत आहे. ते मुंबईत नाही अन् पुण्यातही नाही. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुका आहे, तिथं खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला हा पार्क आहे. २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हा नाव अ‍ॅडलॅब्स इमॅजिका होतं, पुढच्या वर्षी वॉटर पार्क आला, २०१६ मध्ये बर्फाचा पार्क, अन् २०२२ पासून मालपाणी ग्रुपकडे आहे. म्हणजे तुम्ही ज्याच्याजवळ राहायला जाणार ते काही शहर नाही, सह्याद्रीच्या पायथ्याचा ग्रामीण भाग आहे, भातशेती, आदिवासी वाड्या, मधात कारखाने अन् वरून मुंबई-पुणे एक्सप्रेसवे. गावातून उठून दुसऱ्या गावातच चालले असं समजा, फक्त या गावाला डोंगर आहे अन् पाऊस आहे.

पावसाचंच मोठं आहे. आपण सगळे तिकडे जातो डिसेंबरात नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत, तेव्हा हवा मस्त, डोंगर हिरवे, पोट्टे खूश, अन् त्या दोन दिवसांवरून आपण ठरवतो की इथंच राहायचं. आपल्या वाशीम-यवतमाळकडे वर्षाला ८०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडला तर विहिरी भरतात अन् लोक म्हणतात यंदा चांगलं झालं. खोपोलीकडे वर्षाला ३००० च्या वर पडतो अन् त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, म्हणजे कधी कधी चार-चार दिवस ऊन म्हणून दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, चपलांना बुरशी, कपाटातल्या साड्यांना वास. ज्याला हे चालते त्याला बाकी सगळं जमते, ज्याला हे नाही चालत त्याचं मन दिवाळीपर्यंत गावाकडे लागून राहते.

म्हणून माझा नियम एकच, जायचं ठरवण्याआधी जुलैत नाहीतर ऑगस्टच्या सुरुवातीला आठवडाभर तिकडे राहून या. पेरणी आटोपली, एखादी डवरणी (कोळपणी) झाली, तणनाशकाचं काम भावाच्या गळ्यात टाकता येत असेल तर तेव्हाच निघा. अन् बायकोला नेल्याशिवाय जाऊ नका, घरात ओले कपडे तिलाच सांभाळा लागणार आहेत, निदान आपल्याकडे तरी अजून असंच आहे, दुर्दैवानं. त्या आठवड्यात पार्कात पाय ठेवू नका. खोपोलीत साध्या लॉजवर राहा, सकाळी बाजारात भाजी घ्या, भाव पाहा, लोकलनं कर्जतपर्यंत जाऊन या, सरकारी दवाखान्यात रांग किती असते पाहा, शाळा सुटायच्या वेळेला शाळेपुढे उभे राहून पोट्टे कसे घरी जातात ते पाहा, रात्री लाइट किती वेळा जाते ते मोजा. अन् शनिवारी सकाळी एक्सप्रेसवेच्या खोपोली एक्झिटजवळ पाच मिनिटं थांबा, मुंबई-पुण्याच्या गाड्यांची गर्दी पाहून समजते की सुट्टीच्या दिवशी तुम्हाला तुमच्याच घरी यायला किती वेळ लागणार.

घर कुठं घ्यायचं हेही पावसावरच ठरते. डोंगराच्या अगदी पोटाशी, मागं उभा उतार आहे अशी खोली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, वाडीतली बरीच घरं गाडल्या गेली. १९८९ च्या जुलैत पालीकडच्या जांभूळपाड्याला अंबा नदीच्या पुरानं काय केलं ते तिथले म्हातारे अजून सांगतात. आपल्याकडे नाल्याला पूर आला तर वावर खरडून जाते, तिकडे डोंगरच खाली येतो. म्हणून घरमालकाला विचारायच्या आधी शेजाऱ्याला विचारा की पाणी कुठपर्यंत चढते, मागच्या पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद होता. घरमालक सांगणारच नाही, सांगितलं तरी हसून सांगेल. तळमजला टाळा, अगदी वरचा मजलाही टाळा कारण स्लॅब गळते, मधला मजला पाहा. खिडकी दोन बाजूंनी पायजे म्हणजे हवा खेळते. टेरेसवर किंवा गॅलरीत पत्र्याचं शेड असलं तर शंभर रुपये जास्त द्यायला काही हरकत नाही, कपडे तिथंच वाळणार.

आता गाव कोणतं. माझ्या मतानं पहिल्या वर्षी खोपोलीच बरी. नगरपरिषद आहे, बाजार आहे, लोकलचं शेवटचं स्टेशन आहे, शाळा-कॉलेज आहे अन् पार्क गाडीनं वीसेक मिनिटांवर. टाटाचं वीजघर इथं शंभर वर्षांपासून आहे, कारखान्यांमुळे बाहेरून आलेले लोक आधीपासून राहतात, त्यामुळे परक्या माणसाला खोली द्यायला कोणी नाक मुरडत नाही. खालापूर तहसीलचं गाव आहे पण लहान, संध्याकाळनंतर रिक्षा मिळवायची पंचाईत. पाली म्हणजे बल्लाळेश्वराचं गाव, शांत आहे, मंदिरामुळे हॉटेल-लॉजचा धंदा चालतो, पण नोकरी पनवेलकडे असली तर रोजचं जाणं-येणं जमणार नाही. लोणावळा घाटावर, भाडं टुरिस्टचं, आपल्या कामाचं नाही. कर्जत चांगलं आहे, लोकल जास्त आहेत, पण मंग पार्क लांब पडते अन् ज्यासाठी गेलो तेच राहून जाते. पनवेलला कामधंदा भरपूर, नवी मुंबईचं विमानतळही त्याच बाजूला झालं, पण भाडी तशीच. घरात कमावणारे दोघं असतील अन् दोघांचंही काम पनवेलकडे असेल तरच पनवेल पाहा.

भाड्याचा करार ११ महिन्यांचा करतात, त्याला लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. आपल्याकडे गावात खोली तोंडी देतात, तिकडे तोंडी घेऊ नका. महाराष्ट्रात हा करार लेखी अन् नोंदणी केलेला पायजे असा कायदा आहे, अन् नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे, तुमची नाही. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी फी शहरी भागात १००० रुपये अन् ग्रामीणमध्ये ५००, वरून एजंटची फी. घरी येऊन अंगठे घेऊन ऑनलाइन करून देणारे लोक आहेत. काही घरमालक म्हणतात स्टॅम्पपेपरवर नोटरी करू, तेवढंच बस. नाही बस. ही नोंदणीची कॉपी पुढं आधारचा पत्ता बदलायला, शाळेत, गॅसला, सगळीकडे लागते. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती गेली का तेही विचारून घ्या.

अन् प्लॉट. फोनमध्ये जाहिराती येतात ना, इमॅजिकापासून पाच मिनिटांवर, सेकंड होम, महिन्याचा हप्ता इतका इतका. पहिला पावसाळा भाड्याच्या घरात काढल्याशिवाय एक गुंठाही घेऊ नका, मग भाव वाढला तरी चालेल. आपल्याजवळ एक गोष्ट मात्र आहे जी मुंबईच्या माणसाजवळ नसते, आपण सातबाऱ्यावरचे शेतकरी आहोत. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागते अन् विदर्भातला सातबारा रायगडात चालते, तलाठ्याकडचे उतारे अन् शेतकरी असल्याचा दाखला नेला की झालं. पण याचाच फायदा एजंट घेतात, शेतजमिनीचा तुकडा प्लॉट म्हणून गळ्यात मारतात. सातबारा स्वतः सरकारच्या महाभूलेख साइटवर काढून पाहा. भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासीची जमीन असेल तर सरकारी परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेताच येत नाही अन् या तालुक्यात अशी जमीन भरपूर आहे. प्लॉट म्हणून विकून राहिला तर जमीन एनए म्हणजे बिगरशेती झाल्याचा कागद मागा, मोठं लेआउट असेल तर महारेराचा म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर मागा, त्यांच्या साइटवर टाकून पाहा. अन् तो प्लॉटही जुलैत पाहायला जा, डिसेंबरात सगळेच प्लॉट सपाट दिसतात.

कामाचं सांगतो. पार्कात नोकरी लागेल या भरवशावर बिऱ्हाड हलवू नका, आधी नोकरी पाहा मंग बिऱ्हाड. अशा पार्कात कामं बरीच असतात, राइडवर पोट्ट्यांना बसवणारे ऑपरेटर, किचन, काउंटर, हाउसकीपिंग, सिक्युरिटी, अन् पार्काच्या बाजूला मोठं हॉटेल आहे तिथलं वेगळं. आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन, फिटर असेल तर त्याचं नशीब जास्त चांगलं कारण राइडचं मेंटेनन्स रोज सकाळी होते. पण एक ध्यानात ठेवा, लोकांची सुट्टी ती तुमची ड्युटी. दिवाळी, नाताळ, मे महिना, शनिवार-रविवार, याच दिवशी गर्दी अन् याच दिवशी रजा मिळणार नाही. म्हणजे जो माणूस पार्क आवडतो म्हणून गेला तो पार्कात उभा असणार पण राइडवर दुसऱ्यांचे पोट्टे बसणार. कोणाला त्यातही मजा वाटते, वाटत असेल तर खुशाल जा. कंत्राटदारामार्फत लागले तर पीएफचा यूएएन नंबर अन् ईएसआयसी पहिल्याच महिन्यात मागा.

पार्काबाहेर खोपोलीत स्टील अन् कागदाचे कारखाने आहेत, रसायनी-पाताळगंगा एमआयडीसी जवळ, तळोजा थोडं लांब. घरच्या बाईला करायचं असेल तर डब्याला मागणी आहे, कारखान्यात अन् हॉटेलात बाहेरगावचे एकटे पोट्टे लय राहतात. त्यांना भात अन् मासळी रोज मिळते, तुरीचं घट्ट वरण, झुणका-भाकर, पातोडीची भाजी कोण करून देते. फूड लायसन्सची साधी नोंदणी ऑनलाइन होते, तेवढी करून घ्या अन् सुरुवात चार डब्यांनी करा.

वावराचं काय करायचं हा खरा प्रश्न, अन् यावर घरात भांडणं होतात म्हणून हे आधी मिटवा. विकू नका हे सांगायची गरज नाही, सातबारा गेला की शेतकरीपण गेलं अन् मंग वर सांगितला तो फायदाही गेला. मक्त्यानं म्हणजे ठरलेल्या रकमेवर द्यायचं की बटईनं म्हणजे वाट्यानं हे माणूस पाहून ठरवा. मक्त्यात पैसा अक्षय्य तृतीयेच्या आत हातात येते अन् नंतर तुम्हाला पाहायची गरज नाही, बटईत अर्धा वाटा पण रोज फोन करा लागते, कपाशीला फवारा मारला का, सोयाबीन कधी काढून राहिला, अन् तो जे सांगेल ते खरं मानावं लागते. इतक्या लांबून बटई जमत नाही, भाऊच बटईदार असेल तर गोष्ट वेगळी. काहीही केलं तरी एका हंगामाचं लिहून घ्या, सालोसाल तोंडी चालू ठेवू नका. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवणं, वावरात उभं राहून फोटो काढून करा लागते, ते खोपोलीत बसून होत नाही, म्हणून गावातल्या एका माणसाला हे काम नेमून द्या. पीककर्जाचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं भरून नवं उचलायला, स्वतः जा लागते, त्या सुमारास एक चक्कर धरूनच ठेवा. बैलजोडी असेल तर तिचं आधी पाहा, माणसांचं नंतर पाहता येते.

आता शाळा, अन् इथंच आपल्या लोकांचं टाइमिंग चुकते. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, २३ जूनच्या पुढे नाहीतर महिन्याच्या शेवटी. बाकी महाराष्ट्रात १५-१६ जूनलाच उघडतात. आपण आपल्या हिशोबानं निवांत महिनाअखेरी पोहोचलो तर तिकडे पोट्ट्यांचे दोन धडे होऊन जातात अन् चांगल्या वर्गात जागा नसते. म्हणून निकाल लागला की लगेच टीसी काढा, मे महिना लागताच मुख्याध्यापकांना गाठा कारण पुढं सुट्टीत शिक्का अन् सही दोन्ही एका वेळी मिळत नाही. टीसीबरोबर जुन्या शाळेनं युडायस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन नावही सोडलं पायजे, नाहीतर नवी शाळा ओढू शकत नाही अन् पोट्टा दोन्हीकडे अधांतरी. पहिली ते आठवीपर्यंत टीसी यायला उशीर झाला म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे कोणी दाखवलं नाही तरी शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्यात आहे. दहावी-बारावीच्या वर्षी मात्र पोट्ट्याला हलवूच नका, तो आजीजवळ राहील, एका वर्षानं काही बिघडत नाही. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाइल जे काही आपल्या तहसीलमधून काढायचं आहे ते निघायच्या आधी काढून, स्कॅन करून फोनमध्ये ठेवा, नंतर एका कागदासाठी दोन रात्रींचा प्रवास होते.

बाकी कागद सोपे आहेत. राशन कार्ड हलवायची घाई नको, केवायसी झालेली असेल तर राज्यातल्या कोणत्याही राशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळते, दुकानदार का कू करेल पण मिळते. गॅसचं सिलेंडर-रेग्युलेटर एजन्सीत जमा करून व्हाउचर घ्या, त्यावर तिकडे नवीन कनेक्शन मिळते, भरलेलं सिलेंडर गाडीत टाकून नेऊ नका. मतदारयादीसाठी फॉर्म ८. नाव एकाच ठिकाणी ठेवता येते, तर ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ असेल अन् काकाच उभा असेल तर काय करायचं ते तुमचं तुम्ही पाहा. गाडीचा नंबर बदलावा लागत नाही, राज्यातल्या राज्यात फक्त पत्ता बदलतो, एमएच २७ नाहीतर ३७ अभिमानानं चालवा. बँकेचं खातं गावचंच राहू द्या, मोबाइल नंबर चालू असला म्हणजे झालं.

सामान. हे वाचून हसाल पण कूलर नेऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ च्या वर जाते, हवा कोरडी असते म्हणून वाळ्याचा कूलर गारवा देते. तिकडे पारा कमी पण हवेत पाणीच पाणी, कूलर लावला की अंग आणखी चिकट होते अन् खोलीत दमट वास. तो कूलर मोठ्या आईला देऊन टाका, तिकडे सीलिंग फॅन अन् खिडकी. वर्षभराचे गहू, तूर, ज्वारी भरायची आपली सवय आहे ती सोडा, पावसाळ्यात डाळीला किडे लागतात, कुरड्या-पापडाला बुरशी चढते. दोन महिन्यांचं नेत जा, गावाकडून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत पोतं टाकून मागवत जा, ड्रायव्हरला चहापाणी दिलं की कळंबोलीला उतरवून देतो. तूर डाळ, जवसाची चटणी अन् तिखट मात्र गावचंच पायजे, तिकडच्या दुकानातल्या तिखटाला नुसता रंग आहे. लोखंडी कपाट, पत्र्याची पेटी गंजते, नेलीच तर खाली विटा ठेवा अन् भिंतीपासून लांब. ताडपत्री, प्लास्टिकचे डबे, कापडं वाळवायची दोरी, जाड चादरी, गम बूट हे न्या. मोठी गाडी करायची तर मुंबईहून माल घेऊन नागपूर-अमरावतीला आलेली अन् रिकामी वापस जाणारी गाडी पाहा, ट्रान्सपोर्टवाल्याला रिटर्न गाडी म्हटलं की समजते, भाडं बरंच खाली येते. फक्त ती कधी निघेल त्याचा नेम नाही, सामान बांधून दोन दिवस ओट्यावर बसायची तयारी ठेवा.

मोटारसायकल चालवत नेतो असं कोणी म्हणत असेल तर त्याला सांगा, समृद्धी महामार्गावर दुचाकी चालत नाही अन् मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरही नाही. रेल्वेच्या पार्सलनं पाठवा, बडनेरा नाहीतर अकोल्याहून, पेट्रोल काढा लागते अन् आरसीची झेरॉक्स लागते. तिकडे फिरायला जुना मुंबई-पुणे हायवे अन् खोपोली-पाली रस्ता आहे, त्यावर दुचाकी चालते. चारचाकीला समृद्धी आता नागपूरपासून आमण्यापर्यंत सलग झाली, २०२५ च्या जूनपासून, कारंजाला चढलं की भिवंडीजवळ उतरायचं अन् मंग कल्याण फाटा, पनवेल करत खोपोली. रात्री एकट्यानं सलग चालवू नका, त्या सरळ रस्त्यावर डोळा लागते. रेल्वेनं विदर्भ एक्सप्रेस सगळ्यात सोयीची, वर्धा, धामणगाव, बडनेरा, अकोला, शेगाव कुठूनही बसा, पहाटे कल्याणला उतरा अन् तिथून खोपोली लोकल, ती नसेल तर कर्जत लोकल पकडून कर्जतला बदला. मुंबईपर्यंत जाऊन उलटं येऊ नका. रिझर्वेशन आता ६० दिवस आधीच उघडते, आधीसारखं चार महिने नाही, म्हणून पोळ्याची अन् दिवाळीची तारीख पाहून सकाळी ८ वाजता बसा. पोळ्याला तिकडे शाळेला सुट्टी नसते, तान्हा पोळा तर कोणाला माहीतच नाही, तिकडचा मोठा सण गणपती. पोट्ट्यांना लाकडी बैल घेऊन गावाला आणायचं असेल तर रजेचा अर्ज आधीच देऊन ठेवा.

अन् आता पार्क, ज्याच्यासाठी एवढं केलं. जवळ राहायचा खरा फायदा हा की गर्दीच्या दिवशी जायची गरज राहत नाही. मंगळवार-बुधवार पाहा, शाळेच्या परीक्षा चालू असताना पाहा, पावसाळ्यातला साधा दिवस पाहा. पावसात बाहेरच्या मोठ्या राइड मधूनमधून बंद ठेवतात, वीज कडकडली की थांबवतातच, तेव्हा आतल्या राइड करायच्या अन् उघडलं की नायट्रो राइडकडे पळायचं, जिच्यात पाय हवेत लोंबकळतात. टुरिस्ट माणूस पाऊस पाहून रडते कारण त्याचं तिकीट वाया चाललं असते, तुम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार. राइडला उंचीची अट असते, वयाची नाही, म्हणून घरच्या भिंतीवर टेपनं खूण करून ठेवा अन् पोट्टा त्या खुणेला लागेपर्यंत मोठ्या राइडचं नाव काढू नका, गेटवर रडारड नको. पास घ्यायचा तर कोणत्या तारखा वगळल्या अन् वॉटर पार्क त्यात आहे का हे वाचूनच पैसे भरा. खाण्याचे डबे आत नेऊ देत नाहीत, तर पोटभर जेवून निघा, अर्ध्या दिवसात वापस या, जवळ राहतो तर दिवसभराचे पैसे वसूल करायची गरज काय. राजासॉरसच्या राइडवरून पोट्टे घरी येऊन डायनोसॉर डायनोसॉर करतात, तेव्हा त्यांना सांगा की खऱ्या डायनोसॉरची हाडं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, पिसदुऱ्याकडे सापडली आहेत. दिवाळीत गावाला गेले की तिकडे घेऊन जा.

एक गोष्ट राहिली, पाहुणे. तुम्ही खोपोलीत राहता हे गावात समजलं की एप्रिलपासून फोन सुरू, मावसभाऊ, साळा, साळ्याचा साडू, शेजारच्या गुरुजींचे पोट्टे, सगळ्यांना इमॅजिका पाहायचं अन् सगळ्यांना उतरायला तुमचीच खोली. नाही म्हणता येत नाही अन् म्हणूही नये, पण सोय लावून ठेवा. गाद्या दोन जास्तीच्या घ्या, सतरंजी गावाहून न्या, पाण्याची टाकी किती लिटरची आहे हे घर घेतानाच पाहा. तिकिटाचे पैसे ज्याचे त्यानं भरायचे हे पहिल्या पाहुण्यालाच फोनवर हसत हसत सांगून टाका, एकाला भरले की मंग सगळ्यांना भरा लागतात अन् ज्याला नाही भरले तो लग्नात बोलून दाखवते. जेवण, झोपायला जागा अन् स्टेशनवरून आणणं तुमच्याकडे. अन् त्यांना म्हणा येताना रिकाम्या हातानं येऊ नका, दहा किलो तूर डाळ घेऊन या.